घरच्या सगळ्यांची हवापालट



आमचे कोलाड हे रोहे तालुक्यातले गाव. मुंबई-गोवा महामार्गावर, कुंडलिका नदीच्या काठी वसलेले. वर भिऱ्याला वीजघर आहे. तिथून सुटलेले पाणी नदीला आले, की त्या पाण्यावर रबरी नावा सोडतात आणि त्या नावांत बसायला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडची माणसे आमच्याकडे येतात. मी शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त आहे. संध्याकाळी नाक्यावरच्या चहाच्या दुकानात बसतो आणि येणारी-जाणारी मंडळी बघतो.

गाडी थांबते. मुले उड्या मारीत उतरतात, मुलांचे आईबाप उतरतात, आणि मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन एक म्हातारी बाई बसलेली असते. कुणीतरी खिडकीतून विचारते, “आजी, उतरतेस का?” आजी म्हणते, “नको रे, मी बसते इथेच.” विचारणाऱ्यालाही तेवढेच उत्तर हवे असते. तो चहा पिऊन येतो आणि गाडी निघून जाते.

श्रोतेहो, हे “मी बसते इथेच” मी फार वेळा ऐकले आहे. आणि खोटे कशाला बोलू, सर्वांत आधी ते माझ्याच घरी ऐकले. म्हणून दुसऱ्याला उपदेश करण्याऐवजी माझ्याच घरची हकिकत आज तुम्हांला सांगतो.

आमच्या आईचे माहेर पोलादपूर तालुक्यात, सावित्री नदीच्या काठी. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर, महाड करीत खाली येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. शाळेत हे मी दरवर्षी शिकवीत असे. एकदा मुलांचा भूगोल घेताना आई बाजूला तांदूळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, “जिच्या पाण्यात मी लहानपणी न्हायले, धुणी धुतली, ती निघते कुठनं ते एकदा बघायचंय बघ मला.” मी म्हणालो, “जाऊ की! मे महिन्यात जाऊ.”

आणि गेलो. वडील, आई, आम्ही नवराबायको आणि दोन मुले, असे सहा जण. दोन दिवसांत महाबळेश्वर उरकायचे असा माझा बेत. कागदावर पॉइंटांची यादी केली होती. पहिल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशी चार. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, गुडघ्याचा त्रास. तिसऱ्या पॉइंटापाशीच त्यांचा गुडघा सुजला. मग ते जीपमध्ये बसून राहिले आणि त्यांना सोबत म्हणून आईही बसून राहिली. “तुम्ही या जाऊन. आम्ही बसतो इथेच.” खर्च वाचावा म्हणून आम्ही स्टोव्ह बरोबर नेला होता. त्यामुळे घरची बाई सकाळी पोहे, रात्री पिठले-भात करीत होती. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन तिने काय पाहिले असेल, तर स्टोव्हची पिन!

क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जिथे सावित्रीचा उगम मानतात ते पंचगंगेचे देऊळ, गावापासून सहा-एक किलोमीटरवर आहे. ते मी यादीत सर्वांत शेवटी टाकले होते, कारण मुलांना त्यात काय गंमत, असे मला वाटले. शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीची वेळ झाली. मी आईला म्हणालो, “पुढच्या खेपेला नक्की.” ती म्हणाली, “बरं.”

पुढची खेप चार वर्षांनी आली. तेव्हा अण्णा नव्हते.

ही गोष्ट मी कुणाची कीव यावी म्हणून सांगत नाही. चूक कुठे झाली ते शोधून काढले, म्हणून सांगतो. पैशांची चूक नव्हती, जागेची नव्हती, माणसांचीही नव्हती. चूक बेताची होती. मी सहल आखली ती माझ्या पायांच्या मापाने. घरात सहा जण असले, म्हणजे सहा तऱ्हेचे पाय असतात हे मी विसरलो. दुसऱ्या खेपेला आम्ही काय वेगळे केले, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, बैठक. निघण्याच्या दोन महिने आधी रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांना ओटीवर बसवले. नियम एकच केला: प्रत्येकाने एकच गोष्ट मागायची आणि ती मिळालीच पाहिजे. मुलाने घोड्यावर बसणे मागितले. मुलीने वेण्णा तलावात नाव मागितली. मंडळींनी मागितले, “तीन दिवस मला चूल नको.” मी सूर्योदय मागितला. आई काही बोलेना. “मला काय, तुम्ही जाल तिकडे मी.” म्हाताऱ्या माणसांना मागायची सवय राहिलेली नसते, श्रोतेहो. त्यांना एकदा विचारून भागत नाही. दोनदा, तीनदा विचारावे लागते. शेवटी नातीने विचारले, “आजी, ती नदी?” तेव्हा आई हसली. मग मी यादी उलटी केली. आईचे मागणे पहिल्या दिवशी पहिले. ज्याचे वय जास्त, त्याची इच्छा आधी. मुलांना पुढे पुष्कळ सुट्ट्या आहेत.

दुसरी गोष्ट, वेळ. आपण शेतीवाली माणसे. पावसाळ्यात तर जायचेच नाही. लावणी-बेणणी असते हे एक, आणि घाट हे दुसरे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. 2021 च्या जुलैत तिथे एका दिवसात सहाशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस झाला आणि खाली महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही दरडींनी तुटला होता. त्याच घाटात 2018 च्या जुलैत एक बस दरीत कोसळून 30 माणसे गेली. तेव्हा म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन पावसात घाट चढू नये. दिवाळीच्या सुट्टीत जावे, तर भाताची कापणी-झोडणी अंगावर असते. मे महिन्यात गर्दी असते आणि खोल्यांचे भाडे चढलेले असते. आम्ही मधला मार्ग काढला. भात घरात आले, वाल पेरून झाले आणि नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत चार दिवस काढले. शाळेला दोन दिवसांची रजा पडली. ती मी मास्तर असूनही पडू दिली. ज्यांना रजा नाही त्यांनी मे महिना घ्यावा, पण शनिवार-रविवार टाळून सोमवारी निघावे.

गोठ्यात गाय होती. “गुरांकडे कोण बघेल?” या प्रश्नावर खेड्यातल्या निम्म्या सहली मोडतात आणि मग घरातले सर्वांत म्हातारे माणूस म्हणते, “मी थांबते, तुम्ही जा.” हे होऊ द्यायचे नाही. आम्ही चुलतभावाला सांगितले, “चार दिवस तू बघ. तू जाशील तेव्हा मी बघेन.” असा वायदा दोन घरांत आधीच करून ठेवला, तर दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांची सुटका होते.

तिसरी गोष्ट, वाट. कोलाडहून महाबळेश्वर सुमारे 110 किलोमीटर. माणगाव, महाड, पोलादपूर आणि तिथून डावीकडे वळून आंबेनळी घाट. एका दमात जायचे ठरवले, तर मुले कंटाळतात आणि म्हाताऱ्यांच्या पायांना सूज येते. आम्ही महाडला थांबलो. तिथे चवदार तळे आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हेच. तळ्याकाठी अर्धा तास बसलो, डबा खाल्ला, मुलांना ती हकिकत सांगितली. विश्रांतीची विश्रांती झाली आणि धड्याचा धडा.

पोलादपूर सोडले, की वळणे सुरू होतात. गाडी लागणारी माणसे प्रत्येक घरात असतात. गाडी का लागते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. ते म्हणते, “अंग हलते आहे.” डोळे गाडीच्या आत, पुस्तकावर किंवा मोबाइलवर असले, तर ते म्हणतात, “काही हलत नाही.” या भांडणात पोट ढवळते. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवावे, लांबच्या डोंगराकडे बघायला सांगावे, निघताना पोट तुडुंब भरू नये आणि अगदी रिकामेही ठेवू नये. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी जवळ असावी. मुख्य म्हणजे गाडी हाकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे, की आम्हांला घाई नाही.

एस्टीने जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. 75 वर्षे पुरी झालेल्यांना एस्टीत मोफत प्रवासाची सवलत 2022 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. 65 ते 75 वयाच्यांना अर्धे भाडे आहे आणि 2023 च्या मार्चपासून बायकांनाही अर्धे भाडे झाले. आधारकार्ड जवळ ठेवावे आणि निघण्यापूर्वी आगारात चौकशी करावी. आजीचे तिकीट नाही आणि आईचे अर्धे, म्हटल्यावर “एवढा खर्च कशाला” हे वाक्य पुष्कळ हलके होते.

चौथी गोष्ट, मुक्काम. खोली तळमजल्यावरची मागावी. जिना चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यांना जड जाते. संडास कसा आहे, रात्री तिथवर जायला उजेड आहे का, गरम पाणी किती वाजता मिळते, हे फोनवर विचारून घ्यावे. विचारायला लाज वाटायचे कारण नाही. खिडकीतून दरी दिसते का, हे त्याच्या नंतर विचारावे. एकाच ठिकाणी मुक्काम करावा. रोज वळकटी बांधणे आणि सोडणे, यात म्हातारी माणसे आणि घरच्या बायका थकून जातात. दोन रात्रींपेक्षा तीन रात्री बऱ्या. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरायचाच नाही.

आणि स्टोव्ह घरी ठेवावा! पैसा जपायचा, तर एका जेवणाला घरची भाकरी-चटणी, लाडू, चिवडा चालेल, पण दुसरे जेवण कुणीतरी वाढलेले असावे. ज्या बाईने वर्षभर साऱ्यांना वाढले, तिच्यापुढे तीन दिवस दुसऱ्याने ताट ठेवले, तर तीच तिची हवापालट. थंड हवा सर्वांनाच मिळते. ही हवा तिला एकटीलाच मिळायची असते.

पाचवी गोष्ट, प्रकृती. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंच आहे. इतक्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. तरी ज्याला हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच निघावे. थंडी मात्र खरी. हजार मीटर वर गेले, की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे आपल्या कोलाडपेक्षा तिथे आठ-नऊ अंशांचा फरक. म्हाताऱ्यांना कानटोपी, पायमोजे आणि एक जादा घोंगडी हवीच. रोजच्या गोळ्या डब्यात, छपरावरच्या पेटीत ठेवू नयेत, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात. “प्रवासात लघवीला लागते” म्हणून काही माणसे रक्तदाबाची गोळीच टाळतात आणि पाणी पिणे सोडतात. तसे करू नये. वाटेत दोनदा गाडी थांबवावी.

सहावी गोष्ट, रोजचा कार्यक्रम. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मध्ये काही नाही. दुपारी जेवावे, झोपावे, पत्ते खेळावेत. शिवाय सगळ्यांनी सगळीकडे जायचे नाही. हे मला फार उशिरा कळले. एकत्र कुटुंब म्हणजे एका दोरीला बांधलेली माणसे नव्हेत. आई जन्मभर पहाटे चारला उठणारी. तिला आणि मला विल्सन पॉइंटचा सूर्योदय, बाकीच्यांना झोप. मुलांना घोडा आणि तलाव, आईला तलावाकाठचा बाक आणि भाजलेले कणीस. संध्याकाळी सगळे एका ताटाभोवती. ज्याने त्याने काय पाहिले ते सांगायचे. बरोबर राहण्याची गोडी त्या सांगण्यात आहे.

आणखी एक ठिकाण, ते मुख्यतः शिक्षकबंधूंसाठी. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधे भिलार नावाचे गाव आहे. स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव. 2017 च्या मे महिन्यात तिथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले. गावातल्या घराघरांत मराठी पुस्तके ठेवलेली आहेत. कुणीही जावे, बसावे, वाचावे. आमची आई चौथीपर्यंत शिकलेली. डोळ्यांना आता अक्षर लागत नाही. नातीने एका घराच्या ओसरीवर बसून तिला तासभर गोष्टी वाचून दाखवल्या. घरी हे कधी झाले नव्हते. घरी दोघींनाही वेळ नसतो.

काही जण विचारतील, “आपल्या जिल्ह्यात माथेरान असताना साताऱ्याच्या डोंगरात कशाला जायचे?” माथेरानही सुंदर आहे. नेरळहून 1907 सालापासून तिथे छोटी आगगाडी जाते. मुलांना तिच्याइतका आनंद दुसरा नाही. पण तिथे मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे तांबड्या मातीतून चालणे, घोडा किंवा रिक्षा. ज्यांच्या घरची म्हातारी माणसे चालती आहेत, त्यांना ती शांतता फार मानवेल. ज्यांचे गुडघे गेले आहेत, त्यांनी आधी चौकशी करावी. प्रतापगडही महाबळेश्वरच्या वाटेवरच लागतो. शिवछत्रपतींनी 1659 च्या नोव्हेंबरात जिथे अफझलखानाला गाठले तो गड मुलांना दाखवलाच पाहिजे. पण पायऱ्या पुष्कळ आहेत. आम्ही येताना दोन तुकड्या केल्या. मी मुलांना घेऊन वर गेलो. आई आणि सूनबाई पायथ्याशी सावलीत चहा घेत बसल्या. हे बसणे वेगळे होते. त्यांनी ते स्वतः ठरवलेले होते.

आता त्या पहिल्या सकाळचे सांगतो आणि पुरे करतो.

मुक्कामाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे वर यायच्या आत, आम्ही सगळे क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे उगम एका छपराखाली मानतात. पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून पडते. गंमत अशी, की यातली कृष्णा पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला, आपल्या कोकणात उतरते. एका घरच्या बहिणी, एक पूर्वेला दिली, एक पश्चिमेला. आईने हे लगेच उचलले. म्हणाली, “आम्हां बहिणींसारखंच की!”

तिने पाण्यात हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मुलगा म्हणाला, “आजी, गार नाही लागत?” ती काही बोलली नाही. मग पदराने हात पुसून मला म्हणाली, “ह्यांनाही बघायला मिळालं असतं.”

मी काय बोलणार? पहिल्या खेपेला आम्ही त्या जागेपासून सहा किलोमीटरवर दोन दिवस होतो.

श्रोतेहो, तुमच्या घरीही कुणीतरी “बरं” म्हणून गप्प बसलेले असेल. त्यांना महाबळेश्वरच हवे असेल असे नाही. कुणाला माहेरचे गाव बघायचे असेल, कुणाला कुलदैवत, कुणाला समुद्र. पैसा थोडा असेल, तर एकच दिवस जा, जवळच जा, पण त्यांच्या पायांनी जा. आणि गुरुजी मंडळींना एक विनंती. सुट्टी लागण्यापूर्वी मुलांना निबंध घालतोच आपण. या वेळी एक तोंडी प्रश्न घाला: “घरी आजी-आजोबांना विचारून या, त्यांना काय बघायचे राहिले आहे?” मुले उत्तर आणतील. ते उत्तर वहीत न ठेवता त्यांच्या आईबापांच्या कानावर घाला. “पुढच्या खेपेला” हे शब्द आमच्या घरी आता कुणी उच्चारीत नाही.